एअर कूलर की लिक्विड कूलर? धाराशिवच्या उन्हाळ्यात कॉम्प्युटरच्या प्रोसेसरसाठी काय घ्यावं?

एप्रिल-मे महिन्यात धाराशिव जिल्ह्याचा पारा चाळिशी ओलांडतो. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा स्टुडिओ असो, फ्लेक्सचं दुकान असो की गेम खेळणाऱ्या पोराची पत्र्याची खोली, डेस्कटॉपचा पंखा याच दिवसांत सगळ्यात जास्त घरघरतो. रेंडरला एरवीपेक्षा जास्त वेळ लागतो, गेम अडकत चालतो आणि कधी कधी कॉम्प्युटर आपोआप बंद होतो. मग सल्ला येतो, "लिक्विड कूलिंग बसव, प्रश्नच मिटेल."

प्रश्न खरंच मिटतो का? पाच-दहा हजारांचा खर्च करण्याआधी हे समजून घेणं गरजेचं आहे. कारण पाणी आलं म्हणजे गारवा आला, ही समजूत प्रोसेसरच्या बाबतीत अर्धवट खरी आहे.

आधी दोन शब्दांचा घोळ सोडवू

पहिला शब्द 'सीपीयू'. आपल्याकडे टेबलाखालच्या अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात. खरं तर तो डबा म्हणजे कॅबिनेट. सीपीयू किंवा प्रोसेसर म्हणजे त्याच्या आत मदरबोर्डवर बसवलेली छोटी चौकोनी चिप. कॉम्प्युटरचं सगळं गणित तीच करते आणि तापतेही तीच.

दुसरा शब्द 'कूलर'. मराठवाड्यात कूलर म्हटलं की वाळ्याच्या नाहीतर गवताच्या जाळ्या असलेला, पाणी भरायचा मोठा डबा डोळ्यासमोर येतो. प्रोसेसरच्या कूलरचा त्याच्याशी संबंध नाही. घरातल्या कूलरमध्ये पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना पाणी उष्णता ओढून घेतं, म्हणून हवा गार होते. माठातलं पाणीही याच कारणाने गार राहतं.

प्रोसेसरच्या लिक्विड कूलरमधलं पाणी मात्र बंद नळ्यांत फिरत असतं. त्याची वाफ बाहेर पडत नाही. त्यामुळे ते माठासारखं खोलीपेक्षा गार कधीच होत नाही. हा फरक पुढच्या सगळ्या हिशेबाचा पाया आहे.

प्रोसेसर तापतो किती?

प्रोसेसर जेवढी वीज खातो, ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणून तो किती तापेल हे त्याच्या वॅटवरून कळतं.

इंटेलचा कोअर आय५-१२४०० हा मध्यम प्रोसेसर नेहमीच्या कामात ६५ वॅटच्या हिशेबाने बनवलेला आहे आणि जोर लावला तर ११७ वॅटपर्यंत जातो. एएमडीचा रायझेन ५ ७६०० जास्तीत जास्त ८८ वॅट घेतो. याउलट कोअर आय९-१४९००के हा २५३ वॅटपर्यंत आणि रायझेन ९ ७९५०एक्स हा २३० वॅटपर्यंत वीज ओढू शकतो. घरातला जुन्या पद्धतीचा सिलिंग फॅन साधारण ७५ वॅट घेतो. म्हणजे तीन सिलिंग फॅनची वीज नखाएवढ्या चिपमध्ये उष्णता बनून साचते.

ती बाहेर काढली नाही तर काय होतं? प्रोसेसर जळत नाही. आजच्या प्रत्येक प्रोसेसरला तापमानाची मर्यादा ठरवून दिलेली असते. १४९००के साठी ती १०० अंश सेल्सिअस आहे आणि ७९५०एक्स साठी ९५ अंश. त्या मर्यादेजवळ पोहोचला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. तरीही तापमान वाढतच राहिलं तर कॉम्प्युटर बंद होतो. म्हणजे खराब कूलिंगचा पहिला फटका वेगाला बसतो. ज्या वेगासाठी पैसे मोजले, तो मिळत नाही.

एअर कूलर कसा काम करतो?

मोटारसायकलच्या इंजिनावर पातळ पट्ट्या दिसतात. स्प्लेंडरचं इंजिन त्या पट्ट्यांवरून जाणाऱ्या वाऱ्याने गार होतं. एअर कूलरचं तत्त्व तेच आहे.

प्रोसेसरवर धातूची बैठक घट्ट बसते. त्या बैठकीतून तांब्याच्या नळ्या वर जातात, त्यांना हीट पाइप म्हणतात. नळ्यांवर ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची चळत असते आणि समोर एक किंवा दोन पंखे. अशा उंच कूलरला टॉवर कूलर म्हणतात.

गंमत अशी की एअर कूलरच्या हीट पाइपमध्येही थोडंसं पाणी असतं. नळीतली हवा काढून टाकलेली असल्याने ते कमी तापमानालाच उकळतं. प्रोसेसरकडच्या टोकाला त्याची वाफ होते. ती वाफ वर जाऊन पत्र्यांपाशी पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या जाळीदार थरातून खाली परतते. हे चक्र पंपाशिवाय, आपोआप चालतं. एअर कूलरमध्ये हलणारा भाग फक्त पंखा असतो.

प्रोसेसरसोबत फुकट मिळतो तो छोटा कूलरही एअर कूलरच. तो कमी वॅटच्या प्रोसेसरला चालतो, पण उन्हाळ्यात आवाज फार करतो. इंटेलच्या 'के' नावाच्या आणि एएमडीच्या ७००० मालिकेतल्या 'एक्स' नावाच्या प्रोसेसरसोबत तर कूलर येतच नाही, तो वेगळा घ्यावा लागतो.

लिक्विड कूलर कसा काम करतो?

ट्रॅक्टरच्या नाकाजवळ रेडिएटर असतो. इंजिनाची उष्णता पाण्यात उतरते, पाणी रेडिएटरमध्ये येतं आणि पंखा त्याला गार करतो. प्रोसेसरचा लिक्विड कूलर म्हणजे याच रचनेची छोटी आवृत्ती.

प्रोसेसरवर तांब्याची पट्टी बसते आणि तिच्यात केसासारख्या बारीक खाचा असतात. त्यांतून पाणी वाहतं. हे पाणी नुसतं नसतं, गंज आणि शेवाळ होऊ नये म्हणून त्यात रसायनं मिसळलेली असतात. छोटा पंप हे पाणी दोन रबरी नळ्यांतून रेडिएटरकडे ढकलतो आणि रेडिएटरवरचे पंखे उष्णता हवेत सोडतात.

बाजारात बहुतेक लिक्विड कूलर कंपनीतूनच भरून, सील होऊन येतात. त्यांना ऑल-इन-वन म्हणतात. १२०, २४०, २८० आणि ३६० मिमी हे आकडे रेडिएटरची लांबी सांगतात. २४० म्हणजे १२० मिमीचे दोन पंखे, ३६० म्हणजे तीन. दुसरा प्रकार कस्टम लूपचा. त्यात पंप, नळ्या, टाकी आणि रेडिएटर वेगवेगळे घेऊन जोडावे लागतात. तो छंद म्हणून ठीक आहे, कामाच्या मशीनसाठी नाही.

पाणी हवेपेक्षा भारी, मग लिक्विडच का नको?

तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी हजारो पट जास्त उष्णता सामावून घेतं, हे खरं आहे. पण पाणी इथे फक्त हमालाचं काम करतं. ते उष्णता चिपपासून उचलून रेडिएटरपर्यंत नेतं. तिथून पुढे ती खोलीच्या हवेतच सोडावी लागते. टॉवर कूलरही ती खोलीच्या हवेतच सोडतो. म्हणजे शेवटी दोघांचंही भांडं एकच, तुमची खोली.

म्हणून कूलर कितीही महागडा असला तरी प्रोसेसर खोलीच्या तापमानाच्या खाली जाऊ शकत नाही. कूलरची ताकद मोजायची ती खोली आणि प्रोसेसर यांच्या तापमानातल्या फरकावर.

एक उदाहरण घेऊ. यूट्यूबवरचे रिव्ह्यू बहुधा एसी खोलीत केलेले असतात. समजा तिथे खोली २२ अंशांवर आहे आणि टॉवर कूलरखाली प्रोसेसर ७२ अंशांवर. फरक झाला ५० अंश. तोच प्रोसेसर, तोच कूलर आणि तेच काम धाराशिवच्या ४० अंशांच्या खोलीत केलं तर फरक साधारण तेवढाच राहतो. आकडा होतो ९०.

आता लिक्विड कूलर बसवला आणि फरक ५० वरून ४२ वर आला असं धरू. मग उन्हाळ्यातला आकडा ८२ होईल. आठ अंश वाचले, पण रिव्ह्यूत पाहिलेले ६४ अंश मिळाले नाहीत. त्याऐवजी खोलीच ४० वरून ३२ वर आणली असती तर टॉवर कूलरनेही ८२ च दाखवले असते.

याच हिशेबातून तीन गोष्टी निघतात.

पहिली, कमी वॅटच्या प्रोसेसरचा फरकच मुळात कमी असतो. तो ३५ अंश धरला तर चाळिशीच्या खोलीतही प्रोसेसर ७५ वर राहील. तिथे लिक्विडची गरज नाही.

दुसरी, २५० वॅट खाणाऱ्या प्रोसेसरचं गणित उन्हाळ्यात लिक्विडनेही पूर्ण जमत नाही. एसी खोलीतच तो मर्यादेजवळ फिरत असेल तर ४० अंशांच्या खोलीत तो वेग कमी करणारच. लिक्विड कूलर ती घट कमी करेल, संपवणार नाही.

तिसरी, पाण्याला तापायला वेळ लागतो. त्यामुळे लिक्विड कूलर पहिली काही मिनिटं फार छान आकडे दाखवतो. पाणी तापून स्थिर झालं की खरं चित्र दिसतं. पाच मिनिटांच्या चाचणीवर भुलू नये, ते याचसाठी.

मग पुण्यातले सुपरकॉम्प्युटर पाण्यावर का चालतात?

हा प्रश्न रास्त आहे. १९९१ मध्ये परम ८००० बनवणाऱ्या पुण्याच्या सी-डॅकने राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनखाली पुण्याच्या आयसर संस्थेत 'परम ब्रह्म' हा सुपरकॉम्प्युटर उभा केला. त्यात प्रोसेसरची उष्णता थेट पाण्याने ओढून घेणारी यंत्रणा आहे.

पण तिथली परिस्थिती वेगळी असते. अशा यंत्रणेत एकेका कपाटात कितीतरी प्रोसेसर खेटून बसवलेले असतात आणि ते दिवसरात्र पूर्ण जोराने चालतात. तेवढ्या दाटीत उंच टॉवर कूलर मावतच नाही. शिवाय पाण्याने उचललेली उष्णता खोलीत न सोडता थेट बाहेर नेता येते. त्यांच्या पाण्याचा खरा फायदा इथे आहे.

घरच्या लिक्विड कूलरचा रेडिएटर मात्र त्याच कॅबिनेटवर, त्याच खोलीत असतो. उष्णता टेबलाखालून निघून टेबलाच्या वर येते, एवढंच. कूलर बदलला म्हणून खोली कमी तापत नाही.

धाराशिवमध्ये निवड का बदलते?

*धूळ.* उन्हाळ्यातली वावटळ, रस्त्याची माती, सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांतला भुसा, या सगळ्याचा थर कॅबिनेटमध्ये बसतो. रेडिएटरच्या पट्ट्या दाट असतात, त्यामुळे त्या लवकर चोंदतात आणि पंखे काढल्याशिवाय नीट साफ होत नाहीत. टॉवर कूलरच्या पत्र्यांत जास्त मोकळीक असते. ब्रश आणि ब्लोअरने घरच्या घरी काम होतं.

*दुरुस्ती.* टॉवर कूलरचा पंखा गेला तर १२० मिमीचा दुसरा पंखा सोलापूर किंवा लातूरच्या दुकानात मिळतो आणि तारेच्या क्लिपने बसतो. सील केलेल्या लिक्विड कूलरचा पंप गेला तर तो दुरुस्त होत नाही, अख्खा कूलर बदलावा लागतो. वॉरंटी असली तरी पार्सल जाऊन नवीन येईपर्यंत दिवस जातात. ऐन लग्नसराईत स्टुडिओचं मशीन आठवडाभर बंद राहणं परवडत नाही.

*आयुष्य.* चांगल्या टॉवर कूलरचा धातूचा भाग वर्षानुवर्षं टिकतो, फक्त पंखा बदलावा लागतो. लिक्विड कूलरमधलं पाणी रबरी नळ्यांमधून फार सावकाश झिरपून कमी होतं आणि पंपही झिजतो. कंपन्या या कूलरवर साधारण तीन ते सहा वर्षांची वॉरंटी देतात, त्यावरून अंदाज बांधावा. गळती क्वचित होते, पण झाली तर खाली महागडं ग्राफिक्स कार्ड असतं.

*प्रवास.* पुण्याहून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मशीन जोडून आणायचं आणि एसटीने किंवा ट्रॅव्हल्सने धाराशिव गाठायचं, हे नेहमीचं आहे. इथे मात्र एअर कूलरची बाजू कमजोर आहे. नॉक्टुआ एनएच-डी१५ सारखा मोठा टॉवर कूलर पंख्यांसकट १ किलो ३२० ग्रॅम भरतो. खड्ड्यांत त्याचा हिसका थेट मदरबोर्डला बसतो. अशा वेळी कूलर काढून वेगळा आणावा. नाहीतर कॅबिनेट असं आडवं ठेवावं की मदरबोर्ड खाली आणि कूलर त्यावर उभा राहील.

*घरातला कूलर.* कोरड्या मे महिन्यात पाण्याचा कूलर खोली काही अंशांनी गार करतो आणि त्याचा फायदा प्रोसेसरलाही होतो. फक्त त्याचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नये. उडालेले थेंब आणि दमट हवेत चिकटणारी धूळ मिळून पट्ट्यांवर चिखलाचा थर बसतो. बोअरच्या पाण्याने जाळ्यांवर जे पांढरे क्षार चढतात, तसे क्षार थेंबांसोबत मदरबोर्डवर येणं घातक आहे.

*बोअरचं पाणी.* सील केलेल्या लिक्विड कूलरमध्ये पाणी भरावं लागत नाही, भरूही नये. कस्टम लूप असेल तर त्यासाठीचंच कूलंट वापरावं. नळाचं, बोअरचं किंवा जारचं पाणी घातलं तर त्यातले क्षार बारीक खाचांमध्ये बसतात आणि वाट बंद होते.

*लाइट गेली तर?* कॉम्प्युटरच बंद होतो, त्यामुळे उष्णता बनणंही थांबतं. पंप किंवा पंखा अचानक थांबल्याने प्रोसेसरला इजा होत नाही. यूपीएसवर कॉम्प्युटर चालू राहिला तर पंखा आणि पंपही त्यावरच चालू राहतात. याबाबतीत दोन्ही कूलर सारखेच.

कोणत्या कामाला कोणता कूलर?

*ई-सेवा केंद्र, टॅली, टायपिंग, ऑनलाइन फॉर्म:* प्रोसेसरसोबत आलेला कूलर पुरतो. धूळ साफ ठेवणं आणि दोन-तीन वर्षांनी थर्मल पेस्ट बदलणं एवढंच लागतं.

*गेमिंग, फोटो एडिटिंग, फ्लेक्सचं डिझाइन:* ६५ वॅट वर्गातल्या प्रोसेसरसाठी चार हीट पाइपचा, एका पंख्याचा टॉवर कूलर योग्य. डीपकूल एके४०० हे या वर्गातलं ओळखीचं नाव. गेममध्ये जास्त उष्णता ग्राफिक्स कार्डची असते आणि प्रोसेसरचा लिक्विड कूलर ती कमी करत नाही.

*लग्नाचे व्हिडिओ, तासन् तास रेंडर, थ्रीडी:* १०० ते २०० वॅटच्या प्रोसेसरसाठी सहा हीट पाइपचा, दोन पंख्यांचा दुहेरी टॉवर घ्यावा. थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसई हा या प्रकारातला लोकप्रिय कूलर.

*आय९ किंवा रायझेन ९ वर रोज पूर्ण जोराचं काम:* इथे ३६० मिमीचा लिक्विड कूलर खरोखर उपयोगी पडतो. पण खोलीत एसी असेल तरच त्याचे पूर्ण पैसे वसूल होतात.

*छोटं कॅबिनेट:* उंच टॉवर मावत नसेल आणि वर किंवा समोर रेडिएटरला जागा असेल तर लिक्विड हा व्यावहारिक पर्याय आहे.

*काचेचं कॅबिनेट, दिवे, देखणेपणा:* दिसण्यासाठी लिक्विड घ्यायला हरकत नाही. फक्त ते पैसे दिसण्यासाठी जातात हे लक्षात असावं.

१२० मिमीचा लिक्विड कूलर शक्यतो टाळावा. त्याच किमतीत चांगला टॉवर कूलर मिळतो आणि तो बहुधा तेवढंच किंवा जास्त काम करतो, तेही पंपाच्या कटकटीशिवाय.

किमती सतत बदलतात, पण साधारण अंदाज असा: एका पंख्याचा टॉवर दोन-तीन हजारांत, दुहेरी टॉवर चार-पाच हजारांच्या आसपास, २४० मिमीचा लिक्विड पाच-सहा हजारांपासून पुढे आणि ३६० मिमीचा आठ-दहा हजारांपासून पुढे. मधला फरक एसएसडी, जास्त रॅम किंवा चांगल्या यूपीएसवर घातला तर रोजच्या कामात तो जास्त जाणवतो.

खर्च करण्याआधी हे फुकटचे उपाय करून बघा

१. कॅबिनेट उघडा आणि धूळ साफ करा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. ते गरगर फिरलं तर बेअरिंग खराब होऊ शकतं.

२. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यातून बाहेर काढा. भिंतीपासून वीतभर तरी लांब ठेवा. बंद कप्प्यात पंखा तीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढतो.

३. समोरून हवा आत आणि मागून-वरून बाहेर, अशी पंख्यांची दिशा आहे का बघा. एखादा पंखा उलटा बसलेला सापडणं दुर्मीळ नाही.

४. जुनी, वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावा. वाटाण्याएवढी पुरते.

५. बायॉसमध्ये वॅटची मर्यादा घाला. एएमडीमध्ये यासाठी इको मोड आहे. १७० वॅट वर्गातला ७९५०एक्स इको मोडमध्ये १०५ किंवा ६५ वॅट वर्गात चालवता येतो. इंटेलच्या मशीनमध्ये पॉवर लिमिट हा पर्याय असतो. शेवटचा थोडासा वेग मिळवण्यासाठी प्रोसेसर फार जास्त वीज खातात. त्यामुळे वॅट बऱ्यापैकी उतरवले तरी वेग त्या मानाने कमीच घटतो. मार्च ते जूनपुरती ही मर्यादा ठेवली आणि पावसाळ्यात काढली, तरी चालतं.

हा पाचवा उपाय सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात परिणामकारक आहे. उष्णता बाहेर काढण्यासाठी पैसे घालण्यापेक्षा ती कमी बनवणं स्वस्त पडतं.

विकत घेताना काय तपासाल?

*उंची:* टॉवर कूलर साधारण १५५ ते १६५ मिमी उंच असतात. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात कूलरची कमाल उंची दिलेली असते, ती आधी बघा.

*रॅम:* मोठा टॉवर रॅमच्या पट्ट्यांवर येतो. उंच, दिव्यांची रॅम असेल तर अडचण होते.

*सॉकेट:* तुमच्या मदरबोर्डच्या सॉकेटसाठीचा ब्रॅकेट डब्यात आहे का, हे विचारून घ्या.

*रेडिएटरची जागा:* लिक्विड घेणार असाल तर कॅबिनेटच्या वर किंवा समोर २४० किंवा ३६० मिमीची जागा हवी. रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच असला पाहिजे. कारण आतली थोडी हवा नेहमी सगळ्यात उंच जागी जमते. ती पंपात जमली तर तो खुळखुळतो आणि लवकर खराब होतो. म्हणून रेडिएटर कॅबिनेटच्या छताला बसवणं सगळ्यात सुरक्षित.

*मदरबोर्डची हवा:* टॉवर कूलरच्या पंख्याची हवा प्रोसेसरभोवतीच्या वीज पुरवणाऱ्या भागांनाही थोडी लागते. लिक्विडमध्ये ती मिळत नाही. म्हणून लिक्विड लावताना मागचा पंखा काढू नका.

*बिल:* वॉरंटीसाठी जीएसटीचं बिल आणि डबा दोन्ही जपून ठेवा.

बसवल्यावर चाचणी कशी करायची?

दुपारी, खोली तापलेली असताना चाचणी करा. सकाळी सहाला मिळालेला आकडा उन्हाळ्यात कामाचा नाही. तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फोसारखं मोफत सॉफ्टवेअर उघडा आणि तुमचं नेहमीचं जड काम, म्हणजे रेंडर किंवा गेम, सलग अर्धा तास चालू ठेवा.

आकडा ८५ च्या आत राहिला तर काळजी नाही. ८५ ते ९५ मध्ये असेल आणि वेग टिकून असेल तरीही प्रोसेसर सुरक्षित आहे. एएमडीने तर ७००० मालिकेतले वरचे प्रोसेसर जड कामात ९५ अंशांपर्यंत जातील अशाच हिशेबाने बनवले आहेत. वेग खाली येत असेल, तर आधी वॅटची मर्यादा आणि हवेची वाट बघा, मग कूलर. लिक्विड कूलरवर तापमान काही सेकंदांत उसळी मारत असेल आणि पंख्यांचा वेग वाढूनही उतरत नसेल, तर पंप बंद पडल्याची शक्यता आहे. काम लगेच थांबवा.

थोडक्यात

दोन्ही कूलर प्रोसेसरची उष्णता शेवटी खोलीच्याच हवेत सोडतात. म्हणून धाराशिवसारख्या गरम आणि धुळीच्या भागात पहिला खर्च हवेच्या वाटेवर, दुसरा चांगल्या टॉवर कूलरवर आणि तिसरा, जमलं तर, खोली गार ठेवण्यावर करावा. २०० वॅटच्या वरचा प्रोसेसर रोज तासन् तास राबणार असेल, खोलीत एसी असेल आणि पंप गेला तर काही दिवस मशीन बंद ठेवणं परवडणार असेल, तर ३६० मिमीचा लिक्विड कूलर जरूर घ्यावा. या तीनपैकी एकही गोष्ट लागू नसेल, तर टॉवर कूलर घ्या आणि उरलेले पैसे दुसऱ्या कामाला ठेवा.